घरात एकाचं बरं झालं की दुसऱ्याचं सुरू : साधं पडसं कधी आणि दवाखाना कधी?

सेलूची_सून
नमस्कार मंडळी. दिवाळीपासून आमच्या घरात कुणी ना कुणी खोकायलंयच. आधी दीर, ते सोयाबीनच्या मळणीवर होते, मग माझा चार वर्षांचा मोठा, मग जाऊबाई, आणि आता नऊ महिन्यांच्या लेकीचं नाक वाजायलंय. सासऱ्यांना जुना दमा आहे, त्यांची वेगळीच काळजी. तीन खोल्या, आठ माणसं, वेगळं ठेवायचं म्हणलं तर कुणाला कुठं ठेवणार.

माझं मत असं झालंय की आपल्याकडं नाक गळायलं की लगेच सुई आणि बाटली, आणि लेकराला खरंच धाप लागली तर "बघू सकाळी, एवढ्या रात्री कुठं न्यायचं". म्हणजे घाई करायची तिथं थांबतो आणि थांबायचं तिथं घाई. मला एवढंच समजून घ्यायचंय की डॉक्टर नसलेल्या बाईनं रात्री दोन वाजता लेकराकडं बघून काय ओळखावं? आणि दुसरं म्हणजे घरात हे फिरत राहतं ते थांबवता येतं का, का सगळ्यांचं होऊन जाऊ द्यायचं? आपापले अनुभव सांगा, डॉक्टर कुणी असतील तर त्यांनी तर नक्कीच.

बाप्पा_बीडकर
ताई, आमच्याकडं शाळा सुरू झाली की पडसं घरी येतंय आणि शाळेला सुट्ट्या लागल्या की मामाच्या गावाला जातंय. वाचतोय, लिहा सगळ्यांनी.

लातूरची_लेक
आमच्याकडं गवती चहा, आलं, तुळस, दोन मिरे असा काढा आणि रात्री हळदीचं दूध. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधून छातीला शेक. तीन-चार दिवसांत उतरतंय. नाहीच उतरलं तर दवाखाना. लहान लेकराला मात्र काढा देत नाही, एवढं आईनं शिकवलंय.

मास्तर_कंधार
सेलूताई, आधी कोणता आजार हे ओळखायला शिकलं तर निम्मी धावपळ कमी होते. वर्गातली लेकरं बघून बघून माझ्या जे लक्षात आलंय ते लिहितो, डॉक्टर लोकांनी दुरुस्त करावं.

साधं पडसं हळूहळू येतं. घसा खवखवतो, मग नाक गळतं, ताप आला तर थोडाच, आणि पोरगं खेळत असतं. फ्लू एकदम धरतो. सकाळी प्रार्थनेला उभं असलेलं पोरगं दुपारी बाकावर मान टाकतं, अंग ठणकतं, ताप जोरात, डोळे तांबडे. ॲलर्जी असली तर ताप नसतो, नाकाला आणि डोळ्याला खाज असते, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची रांग लागते आणि दरवर्षी त्याच महिन्यात येते. आणि ताप जोराचा आहे पण सर्दी-खोकला अजिबात नाही, डोळ्यांच्या मागं दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर तिथं डेंग्यूचा विचार करून रक्त तपासावं, पडसं समजून बसू नये. आपल्याकडं पाणी साठवून ठेवायची पाळी असल्यानं डास हाय की घरोघर.

नांदेड_बालरोग
मास्तर, बरोबर लिहिलंय, एकच भर घालते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस डेंग्यू आणि फ्लू वेगळे ओळखणं आम्हालाही अवघड जातं, त्यामुळं चौथ्या दिवशीही ताप असेल तर दाखवावंच.

आता सेलूताईंचा रात्री दोन वाजताचा प्रश्न. मी बालरोग विभागात काम करते. इथं कुणाच्या लेकराला औषध लिहून देणार नाही, पण बघायचं काय ते सांगते, आणि हे प्रत्येक घरात एका तरी माणसाला यावं असं मनापासून वाटतं.

खोकल्याच्या आवाजावर जाऊ नका, श्वास बघा. खोकला कितीही मोठा असला तरी श्वास निवांत असेल तर सकाळपर्यंत थांबता येतं. खोकला फारसा नाही पण श्वास जलद आहे, तर थांबता येत नाही.

मोजायचं असं. लेकरू शांत असावं, झोपेत असलं तर उत्तम. रडताना, पिताना मोजू नका. झबलं गळ्यापर्यंत वर सारायचं, पोट आणि छाती दोन्ही दिसली पाहिजे, उजेड पुरेसा करायचा. एकानं मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि दुसऱ्यानं फक्त पोटावर नजर ठेवून मोजायचं, पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मधेच भरभर घेतं, मधेच थांबतं. अंगात ताप असला की श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत एकदा मोजा.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. जागतिक आरोग्य संघटनेचे हेच आकडे आपल्या आशा आणि एएनएमना (उपकेंद्रातल्या नर्सबाईंना) शिकवले जातात. एवढं भरलं की न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं.

त्यापुढची पायरी म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाणं. पोट बाहेर येतं आणि त्याच वेळी फासळ्यांखाली खड्डा पडतो. आपल्याकडं "पोट उडायलंय" म्हणतात ते हेच. हे दिसलं, किंवा बाळ अंगावर प्यायचं सोडलं, दिलेलं सगळं उलटून टाकायलं, झटका आला, हलवून पण नीट जागं होईना, ओठ निळसर पडले, शांत असतानासुद्धा श्वास घेताना घर्र आवाज येतो, ह्यातलं काहीही एक असलं तरी रात्र म्हणायची नाही, १०८ ला फोन लावायचा. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडलं किंवा दूध ओढेना झालं तरी थेट दवाखाना, घरी वाट बघायचीच नाही.

बाप्पा_बीडकर
डॉक्टरबाई, हे मी आत्ताच घरच्या ग्रुपवर टाकलं. आमच्या चुलत्यांचा लगेच फोन आला की माझा श्वास पण मोजा म्हणून. त्यांना काय आकडा लावायचा?

नांदेड_बालरोग
मोठ्या माणसाचा श्वास निवांत बसल्यावर साधारण १२ ते २० असतो. चुलत्यांना म्हणावं एक वाक्य न थांबता बोलून दाखवा. दोन शब्दाला दम घ्यावा लागत असेल तर थट्टा सोडून दवाखान्यात न्या. आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, त्यांना न्यूमोनिया झाला तरी कधीकधी तापच येत नाही. जेवण सुटतं, बरळायला लागतात, उठून बसवत नाही. घरचे म्हणतात वय झालं.

मोंढा_जालना
माफ करा पण हे श्वास मोजणं वगैरे पुस्तकी वाटतं. आमच्या गावच्या डॉक्टरकडं गेलं की एक सुई, तीन दिवसांची पुडी, दुसऱ्या दिवशी माणूस आडतीवर उभा. मोठ्या दवाखान्यात गेलं की नुसतं "पाणी प्या, आराम करा" सांगतात आणि वर फी घेतात. गरिबाला आराम परवडतो का? हंगामात हमालाला एक दिवस घरी बसवून दाखवा.

औषधी_दुकानवाला
मोंढा दादा, मी धाराशिव जिल्ह्यात मेडिकल चालवतो, रोज हेच बघतो म्हणून सांगतो. माणूस पहिले दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी सुई घेतो आणि चौथ्या दिवशी बरा होतो. विषाणूचा ताप असाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायलाच आलेला असतो. नाव सुईचं होतं.

हमालाला घरी बसणं परवडत नाही हे मात्र शंभर टक्के खरंय, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण म्हणून अँटिबायोटिक हे उत्तर होत नाही, कारण ते विषाणूवर चालतच नाही. दुकानात येऊन लोक म्हणतात "अझिथ्रोच्या दोन गोळ्या द्या, अख्खं पाकीट नको". मी चिठ्ठीशिवाय देत नाही तर समोरच्या दुकानात जातात. गरज नसताना खाल्लं, आणि गरज होती तेव्हा अर्धं सोडलं, की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग पुढं त्याच घरातल्या म्हातारीला खरा न्यूमोनिया होतो आणि साधं औषध लागू पडत नाही.

लातूरची_लेक
पण दादा, शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतू झाले, मग अँटिबायोटिक लागतंच ना? आम्हाला तर असंच सांगितलं जातं.

नांदेड_बालरोग
नाही. साध्या विषाणूच्या सर्दीत पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवा-पिवळा होतो, आपल्याच शरीरातल्या लढणाऱ्या पेशींमुळं रंग येतो. रंगावरून औषध ठरत नाही. दहा दिवस झाले तरी सर्दी जराही कमी नाही, किंवा कमी होऊन परत ताप चढला, किंवा कान दुखून लेकरू रात्रभर रडलं, तर दाखवा. नुसता खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं हे होतं, लेकरू जेवतंय, खेळतंय, वजन धरतंय तर घाबरू नका. आणि लहान लेकरांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे सर्वसाधारण आहे. "माझ्या लेकराची प्रतिकारशक्तीच कमी" असं आया सारखं म्हणतात, तसं नसतं हो.

काळी_माती
मी परभणीकडचा शेतकरी. ह्या सगळ्यात धुळीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सेलूताईंचे दीर मळणीवर होते म्हणाले. हडंब्यावर, म्हणजे मळणी यंत्रावर, उभं राहून बघा एकदा, सोयाबीनचा जो बारीक भुसा उडतो तो रुमालातून पण आत जातो. रात्री घरी आलं की नाक काळं, घसा कोरडाठाक, आणि ढास अशी लागते की अंथरुणात बसून राहावं लागतं. ताप नसतो. हे पडसं नाही, ही धूळ आहे. मग कापूस वेचणी, मग तुरीची मळणी, आमच्या पाहुण्यांकडं वसमतला हळद पॉलिश करायचे ड्रम फिरायले की अख्खं शिवार पिवळं होतं. जिनिंगवर जाणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. गाजर गवत फुललं की माझ्या बायकोचे डोळे सुजतात.

दोन गोष्टी आम्ही ठरवून करतो. मळणीवरून आलं की कपडे बाहेरच काढायचे, आंघोळ करूनच लेकरांना जवळ घ्यायचं. आणि हडंब्यावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, एन-९५ मास्क लावायचा. तोंडाला गमचा बांधून काही होत नाही, बारीक कण जातातच.

उपकेंद्रवाली_ताई
काळी माती दादा, वसमतचं नाव घेतलं म्हणून आले. मी त्याच भागात काम करते, गृहभेटीला जाते तेव्हा जे दिसतं ते लिहिते. धूळ बाहेरची झाली, घरातल्या धुराचं काय?

बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बघा. खिडकीला गोधडी लावलेली, बाजेखाली शेगडी, आणि बाळाची आंघोळ झाली की गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाच्या साली टाकून त्या धुरावर बाळ धरायचं. बाळाच्या डोळ्यातून पाणी येतं, ते शिंकतं, तर म्हणायचं सर्दी निघायली. बारा-पंधरा दिवसांचं बाळ असतं ते. त्याच्या श्वासनळ्या एवढ्या अरुंद असतात की थोडी सूज आली तरी वाट बंद. वर नाकात कोमट तेलाचे थेंब, ते तेल सरळ फुप्फुसात उतरू शकतं. छातीला कापूर चोळतात, कापूर पोटात गेला किंवा अंगात मुरला तर एवढ्या लहान बाळाला झटके येऊ शकतात. आणि काही वाड्या-वस्त्यांवर अजून पोटावर बिब्ब्याचे चटके देतात, पोट उडायलं म्हणून. न्यूमोनिया असतो तो, त्याच्यावर चटका दिला की लेकरू दोन्हीकडून जातं.

घरात उज्ज्वलाचा गॅस असतो, चहा-भाजी त्याच्यावर होते, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवर. तुराट्या, पऱ्हाट्या फुकट मिळतात, सिलेंडर पैसे देऊन आणावा लागतो, ते मला समजतं. म्हणून मी चूल बंद करा म्हणत नाही. चूल अंगणात मांडा, पाणी तापवताना बाळाला काखेत घेऊन तिथं बसू नका, एवढं म्हणते. हे ऐकतात बाया.

अंबाजोगाईची_आत्या
उपकेंद्रवाल्या ताई, तू काम चांगलं करतीस पण आमच्या पिढीला एकदम वेड्यात काढू नकोस. धुरी-शेक घेऊनच आम्ही सात लेकरं वाढवली. बाळंतिणीला थंडीत शेक नको तर काय पंख्याखाली ठेवायची?

उपकेंद्रवाली_ताई
आत्या, तुमचा मान ठेवूनच सांगते. शेक द्या की, बाळंतिणीला ऊब पाहिजेच आणि बाळाला तर जास्तच. पण ऊब वेगळी, धूर वेगळा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्यायची, टोपी, मोजे घालायचे, याच्याएवढी ऊब शेगडीत नाही. कोळसे पेटवायचेच तर अंगणात पूर्ण लाल होऊ द्या, आणि दार लावून शेगडी घेऊन झोपायचं तर नाहीच, कोळशाच्या वायूनं झोपेतच माणसं जातात. तुमच्या सात लेकरांवर तुमचा हात होता म्हणून ती वाढली, धुरीमुळं नाही.

अंबाजोगाईची_आत्या
हात होता हे खरं बोललीस. आणि दोन गेली पण त्यातली, हे मी लिहिलं नव्हतं. एक थंडीतच गेलं, असंच पोट उडून. तेव्हा मेडिकल कॉलेज होतं की अंबाजोगाईत, पण आमचं खेडं लांब आणि नेणारं कुणी नव्हतं. धुरीचं मी सुनेला सांगणार नाही आता. बाळ छातीशी धरायचं ते किती वेळ धरायचं ते मात्र नीट लिही.

उपकेंद्रवाली_ताई
आत्या... वाचून गलबललं. बाळ छातीशी जितका जास्त वेळ धरता येईल तितकं चांगलं, एका बैठकीला निदान तासभर तरी. आई थकली की आजीनं धरलं तरी चालतं, बापानं धरलं तरी चालतं. आजीला सर्दी-खोकला नसावा एवढंच.

बाप्पा_बीडकर
आत्या, नमस्कार तुम्हाला. आमच्याकडचं पण सांगतो मग. दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी म्हणजे झोपडी, पहाटे दोन-तीनला उठून फडात, लेकरू तिथंच बांधावर थंडीत गोधडीत गुंडाळलेलं. कोपीत चूल, बाहेर दव. पाच-सहा महिने असं. लसीची तारीख गावात असते आणि लेकरू कारखान्यावर. अशांनी काय करावं?

उपकेंद्रवाली_ताई
बाप्पा दादा, लसीचं कार्ड, ते पिवळं-गुलाबी जे असेल ते, गाठोड्यात पहिलं घालायचं. कारखान्याच्या गावच्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात ते दाखवून राहिलेली लस फुकट मिळते, आपल्या गावचीच पाहिजे असं नाही. न्यूमोनियाच्या दृष्टीनं तीन लसी महत्त्वाच्या. पेंटा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, त्यात डांग्या खोकला, घटसर्प आणि हिब (न्यूमोनिया करणारा एक जंतू) सगळे येतात. पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकस नावाच्या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना. ही आधी खाजगीत हजारो रुपयांची होती, २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात फुकट आहे. आणि गोवर-रुबेला नऊ महिन्यांना, मग दीड वर्षाच्या आसपास दुसरी. गोवर झालेल्या लेकराला न्यूमोनिया लवकर धरतो. सेलूताई, तुमची लेक नऊ महिन्यांची आहे, तिची पीसीव्हीची तिसरी आणि गोवरची आत्ताच असणार, बघून घ्या. साधी सर्दी असली तरी लस देता येते.

पैठणगेट
इथं दम्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी संभाजीनगरला, लहानपणापासून दमा. सेलूताईंच्या सासऱ्यांना पंप (इनहेलर) चालू आहे का? आपल्याकडं पंपाला लोक घाबरतात, एकदा लागला की सुटत नाही म्हणतात, पोरीच्या लग्नाआधी तर लपवूनच ठेवतात. पंपात औषध अगदी मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जिथं पाहिजे तिथं जातं, गोळी मात्र अख्ख्या अंगात फिरते. मी रोजचा पंप न चुकता घेतो म्हणून थंडीत कामावर जाऊ शकतो. "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणारे डिसेंबरात ऑक्सिजनवर जातात.

आणि पंप घ्यायची रीत. नुसतं तोंडात फुस्स केलं तर औषध जिभेवरच राहतं. स्पेसर लावा, तो प्लास्टिकचा लांबुडका डबा. पंप हलवायचा, एक दाब द्यायचा, सावकाश आत ओढायचं, दहापर्यंत मनात मोजून श्वास धरायचा. लहान लेकराला मास्कचा स्पेसर मिळतो, त्यात पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. नंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा, फडक्यानं पुसला की आतून वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटतं.

सेलूची_सून
पैठणगेट दादा, सासरे पंप फक्त धाप लागली की घेतात, तेही नुसता तोंडात. स्पेसर आमच्याकडं नाहीच, उद्याच मागवते. पुसायचा नाही हे तर कुणी सांगितलंच नसतं.

खोकल्याच्या औषधाबद्दल पण विचारायचंय. मोठ्याला मागच्या वेळेसची बाटली अर्धी शिल्लक आहे, जाऊबाई म्हणतात दे एक चमचा, झोपेल तरी.

औषधी_दुकानवाला
ताई, देऊ नका, ती बाटली टाकून द्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याचं औषध पिऊन लेकरं गेली, मूत्रपिंडं निकामी झाली, त्यात डायथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यानंतर केंद्रानं परत सगळ्यांना बजावलं की दोन वर्षांच्या आत खोकला-सर्दीचं औषध द्यायचंच नाही आणि पाच वर्षांच्या आत पण सहसा नको. भेसळ नसलेलं औषध पण लहान लेकरांच्या खोकल्यावर फार काही करत नाही, गुंगी आणतं, आणि आपल्याला वाटतं आराम पडला.

एक वर्षाच्या वरच्या लेकराला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या, ढास कमी होते. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटावर चाटवायला पण नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तापाच्या पॅरासिटामॉलचं पण सांगून ठेवतो कारण यात रोज घोळ होतो. ड्रॉप्स आणि सिरप वेगळे. ड्रॉप्सच्या एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरप ५ एमएलला १२० किंवा १२५ आणि दुसरं २५०. ड्रॉप्सची बाटली संपली म्हणून सिरप आणलं आणि चमचा तोच ठेवला की गडबड. डोस वजनावर असतो, वयावर नाही, किलोला १५ मिलिग्रॅम, परत द्यायला निदान चार-सहा तास जाऊ द्या. लेकराचं वजन माहीत नसेल तर आधी अंगणवाडीत वजन करून या. आणि ॲस्पिरिन लेकराला कधीच नको.

मोंढा_जालना
दुकानवाले दादा, तुम्ही स्वतःचाच गल्ला कमी करायले, म्हणून तुमचं ऐकतो. एक सांगा, वाफ द्यायची का नाही? आमच्या घरी पातेलं आणि चादर.

नांदेड_बालरोग
मोठ्या माणसानं जपून घेतली तर बरं वाटतं, पण लेकराला चादरीखाली पातेल्यावर वाकवू नका. दर थंडीत मांड्या आणि पोट भाजलेली लेकरं येतात आमच्याकडं, पातेलं कलंडून. बाळाचं नाक चोंदलं तर दूध पाजायच्या आणि झोपवायच्या आधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, सलाईन ड्रॉप्स म्हणतात ते, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन. मिनिटभरानं फडक्याच्या वातीनं पुसून घ्या. सर्दीत बाळ अंगावर कमी पितं ते नाक बंद असल्यामुळं, थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा.

लातूरची_लेक
आता पसरू कसं द्यायचं नाही त्याचं बोला. "साबणाने वारंवार हात धुवा" असं सगळीकडं लिहितात, आमच्याकडं नळ कधी आठ दिवसाला, कधी दहा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, तेव्हा आम्ही भांडी राखेनं पुसून ठेवायचो. उन्हाळ्यात वारंवार हात धुणं कुणाला जमतं?

मास्तर_कंधार
लातूरच्या ताई, आमच्या शाळेत पण तीच गत होती. आम्ही पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला बुडाशी खिळ्यानं बारीक भोक पाडलं, झाकण सैल केलं की धार येते, घट्ट केलं की थांबते. दोरीनं साबणाची वडी जुन्या पायमोज्यात घालून शेजारी लटकवली. तांब्याभर पाण्यात चार-पाच पोरांचे हात होतात, कारण धार अगदी बारीक. हात ओले करायचे, धार बंद, वीस सेकंद साबण चोळायचा, परत धार. खाली बादली ठेवली की तेच पाणी झाडाला.

घरी सगळ्या वेळा जमत नसेल तर तीन वेळा तरी चुकवू नका. बाहेरून आल्यावर, नाक पुसल्यावर आणि बाळाला घ्यायच्या आधी. आणि खिडकी उघडा मंडळी. थंडी आली की आपण दारं-खिडक्या लावून आठ माणसं एका खोलीत झोपतो, तिथं एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातं, हात धुऊन काय करणार.

नांदेड_बालरोग
मास्तरांच्या खिडकीला माझं पूर्ण अनुमोदन. झोपताना वरची एखादी झडप तरी उघडी ठेवा, अंगावर पांघरूण वाढवा.

आठ माणसांच्या घरात सगळ्यांना वेगळं ठेवता येत नाही, म्हणून एकच ठरवा, कुणाला वाचवायचं. सेलूताईंच्या घरात ती नऊ महिन्यांची आणि सासरे. बाकीचे एकमेकांत मिसळले तरी चालेल, पण खोकणाऱ्या माणसानं ह्या दोघांजवळ झोपायचं नाही, जवळ जायचंच झालं तर मास्क लावायचा. आईलाच सर्दी असेल तर दूध थांबवायचं नाही, मास्क लावून पाजायचं, दुधातून उलट बाळाला संरक्षणच मिळतं. बाळाचे मुके घेणं, आपल्या तोंडातला घास चावून देणं बंद. आलेल्या पाहुण्याला सर्दी असेल तर लांबूनच बाळ दाखवा, रुसला तरी चालेल.

सासऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस द्या. विषाणू बदलत राहतो म्हणून लस वर्षाची असते, आणि टोचल्यावर तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात एकदा वाढतो आणि जानेवारी ते मार्च परत, त्यामुळं पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी, पण राहिली असेल तर आत्ता घेतली तरी फायदा आहे. २००९ ला पुण्यातून ज्याची एवढी दहशत पसरली तो स्वाईन फ्लूचा विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झालाय आणि लसीत तो असतोच. दमा, साखर, हृदयाचा आजार, गरोदरपण असलेल्यांना जोराचा फ्लू वाटला तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टर गाठा, त्याचं औषध लवकर दिलं तरच नीट काम करतं.

काळी_माती
एक राहिलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला, वजन उतरायलं, संध्याकाळी कणकण, थुंकीत रक्त, तर धूळ म्हणू नका आणि बिडी पण म्हणू नका. आमच्या गड्याचं असंच धूळ-धूळ म्हणत तीन महिने गेलं, निघाला टीबी. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणी आणि औषध फुकट आहे, वर उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पोषणाचे १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. आता चांगला झालाय, परवा नांगरट केली त्यानं. टीबी निघाला की घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान लेकरांची तपासणी करून घ्या.

सेलूची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळपासून दोनदा वाचलं. रात्री लेक झोपल्यावर ह्यांनी मोबाईल धरला आणि मी मोजलं, ४४ आले. पहिल्यांदा मोजताना माझाच श्वास वाढला होता म्हणून परत मोजलं, ४३. फासळ्या ओढत नाहीयेत, अंगावर पितेय, हसतेय. नाक मात्र गच्च आहे. थांबू ना सकाळपर्यंत? लसीचं कार्ड काढलं, पीसीव्हीची तिसरी राहिलीय. दिराला बाहेरच्या ओसरीत झोपवलंय, सासरे मास्क लावायला तयार नाहीत, म्हणून बाकीच्यांनीच लावलेत. मोठ्याला अंगणवाडीत कधी पाठवू?

नांदेड_बालरोग
उत्तम मोजलंत. तिच्या वयाला ५० ची मर्यादा आहे, ती पितेय, हसतेय, तर थांबा. पाजायच्या आधी सलाईनचे थेंब घाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांचा विषाणूचा खोकला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त वाढतो, म्हणून उद्या-परवा सकाळ, संध्याकाळ आणि झोपल्यावर मोजत राहा. ५० किंवा जास्त भरला, छातीत शिट्टीसारखा आवाज आला, किंवा नेहमीच्या निम्मंच पिऊ लागली तर त्याच वेळी निघा.

मोठ्याला औषध न देता पूर्ण एक दिवस ताप नसेल आणि नीट जेवत असेल तर पाठवा. थोडा खोकला राहिला तरी चालेल, कोपरात खोकायला शिकवा आणि खिशात रुमाल द्या.

बाप्पा_बीडकर
सेलूताई, उद्या किती आले ते इथंच टाका. आणि उपकेंद्रवाल्या ताई, कारखान्यावरच्या आमच्या तीन घरांचे लसीचे कार्ड गावातच राहिलेत, त्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले तर तिथं चालतंय का?

उपकेंद्रवाली_ताई
चालतं दादा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तारखा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. नोंदवलेला मोबाईल नंबर पण सोबत पाठवा. आणि तिथं गेल्यावर आधी त्या गावची आशा कोण आहे ते विचारायला सांगा, ती लसीकरणाचा वार सांगेल, म्हणजे रोज बुडणार नाही.